डोर्नकलची मंडळी : ग्रामीण ख्रिस्ती समाजाची उभारणी आणि तिचे नेतृत्व

मराठी बायबलात ज्या ग्रीक शब्दासाठी 'मंडळी' हा शब्द योजिलेला आहे, त्याचा मूळ अर्थ बोलावून एकत्र आणलेले लोक असा आहे. प्रार्थनामंदिराची इमारत हा अर्थ त्याला पुष्कळ नंतर चिकटला. मराठी भाषांतरकारांनी निवडलेला शब्द या दृष्टीने मूळ अर्थाच्या अधिक जवळ जाणारा आहे, कारण 'घरची मंडळी' म्हणताना जसे घराचे छप्पर कोणाच्या मनात येत नाही, तशीच ख्रिस्ती मंडळीचीही भिंत-छपरावाचून कल्पना करता येते. परंतु याच कारणाने एक प्रश्न उभा राहतो. बोलावल्यावर आलेल्या लोकांचा समाज कसा होतो? त्यांना एकत्र कोण ठेवतो, त्यांचे तंटे कोण मिटवतो, त्यांच्या उपासनेचा खर्च कोण सोसतो, आणि त्यांना प्रथम बोलावणारा मनुष्य निघून गेल्यावर ते लोक एकत्र राहतात की पांगतात?

भारतातील प्रॉटेस्टंट मिशनांना हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून भेडसावीत होता. इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीचे चिटणीस हेन्री व्हेन आणि अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन या दोघांनी जवळजवळ एकाच सुमारास त्याचे उत्तर मांडले होते. स्थानिक मंडळीने आपला खर्च आपण चालवावा, आपला कारभार आपण पाहावा आणि आपल्या श्रद्धेचा प्रसार आपण करावा. हे साधले म्हणजे परदेशी मिशनऱ्याने तेथून काढता पाय घ्यावा, असे हे उत्तर होते. अँडरसन १८५४-५५ साली भारतात आले तेव्हा मुंबई आणि अहमदनगर येथील मराठी मिशनचे काम त्यांनी प्रत्यक्ष पाहिले आणि इंग्रजी शाळांवरचा भर कमी करून खेड्यांतील मंडळ्यांसाठी देशी पाळक तयार करावेत असा आग्रह धरला. तत्त्व म्हणून हे सर्वांना मान्य होते. व्यवहारात मात्र पैशाची पेटी, बदल्यांचा अधिकार आणि शेवटचा शब्द ही तिन्ही मिशनच्या बंगल्यातच राहिली. पन्नास वर्षे उलटल्यावरही बहुतेक देशी पाळक मिशनऱ्याचे मदतनीस म्हणूनच ओळखले जात.

हे चित्र निराळे होऊ शकते काय, याची सर्वांत मोठी कसोटी हैदराबाद संस्थानातील डोर्नकल या लहानशा गावी लागली.

डोर्नकल आज तेलंगणातील महबूबाबाद जिल्ह्यात आहे. वरंगळहून विजयवाड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे जंक्शन. येथूनच कोळशाच्या खाणींकडे जाणारा फाटा निघतो. या शतकाच्या आरंभी म्हटले असते त्या काळी, म्हणजे १९०० च्या सुमारास, येथे स्टेशन, थोडी वस्ती आणि भोवती रान याखेरीज विशेष काही नव्हते. ज्या निजामी राज्यात आपला मराठवाडा होता त्याच राज्याचा हा तेलुगू भाग. जमीन मोजक्या जमीनदारांच्या हाती आणि कष्ट करणाऱ्यांच्या वाट्याला वेठबिगार, ही व्यवस्था येथे घट्ट रुजलेली होती.

या ठिकाणी जे लोक सुवार्ता घेऊन आले ते युरोपीय नव्हते. तिरुनेलवेली येथील तमिळ ख्रिस्ती लोकांनी १९०३ साली इंडियन मिशनरी सोसायटी स्थापन केली होती. आपलेच लोक, आपलाच पैसा आणि आपलीच व्यवस्था असा तिचा बाणा होता. तिने पाठविलेले कार्यकर्ते तमिळभाषक असल्याने त्यांनाही तेलुगू मुळापासून शिकावी लागली. डोर्नकलच्या शेतमजुराच्या दृष्टीने ते परकेच होते; पण त्यांचे परकेपण राज्यकर्त्यांचे नव्हते, आणि हा फरक लहान नव्हे. या संस्थेच्या संस्थापकांत वेदनायकम सॅम्युएल अझराया हे प्रमुख होते.

अझराया यांचा जन्म १८७४ साली तिरुनेलवेली जिल्ह्यातील वेल्लालनविलै या खेड्यात झाला. वडील खेड्यातील पाळक होते. मद्रास ख्रिश्चन कॉलेजात शिक्षण घेतल्यावर अझराया यांनी १८९५ पासून चौदा वर्षे वाय. एम. सी. ए. चे चिटणीस म्हणून दक्षिण भारतभर प्रवास केला. १९०५ साली श्रीरामपूर येथे नॅशनल मिशनरी सोसायटीची स्थापना झाली, तीतही त्यांचा पुढाकार होता. पुढे ते स्वतः डोर्नकलच्या कामात उतरले आणि २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्याच्या सेंट पॉल्स कथीड्रलमध्ये त्यांना डोर्नकलचे बिशप म्हणून दीक्षा देण्यात आली. अँग्लिकन चर्चचे ते पहिले भारतीय बिशप. मद्रासचे बिशप हेन्री व्हाइटहेड यांनी ही नेमणूक मोठ्या नेटाने घडवून आणली होती. विरोध करणारे युरोपीय मिशनरी होते तसेच भारतीय ख्रिस्तीही होते. नाडार समाजातील मनुष्य आपला बिशप व्हावा हे तिरुनेलवेलीतील काही उच्चजातीय ख्रिस्ती कुटुंबांना रुचणारे नव्हते. चर्चमधील जात हा विषय पुढे डोर्नकलमध्ये अझरायांचा पाठलाग करणारच होता. त्याची पहिली चुणूक त्यांना घरीच मिळाली.

त्याआधी दोन वर्षे, १९१० च्या जूनमध्ये, एडिंबरो येथे भरलेल्या जागतिक मिशनरी परिषदेत अझरायांनी केलेले भाषण गाजले होते. परदेशी मिशनऱ्यांनी भारतासाठी फार मोठा त्याग केला हे त्यांनी कृतज्ञतेने मान्य केले. मात्र त्यागाबरोबर मैत्री आली नाही, मिशनरी आणि त्याचा भारतीय सहकारी एकमेकांच्या घरी जेवत नाहीत, ही गोष्टही त्यांनी त्याच श्वासात सांगितली. सभागृहात अस्वस्थता पसरली. या भाषणाचा उल्लेख बहुधा वंशभेदावरील टीका म्हणून केला जातो. स्थानिक मंडळीच्या नेतृत्वाशी त्याचा जो संबंध आहे त्याकडे कमी लक्ष जाते. जो मनुष्य सहकाऱ्याला मित्र मानीत नाही तो त्याच्या हाती कारभारही देत नाही, हा त्यातील खरा मुद्दा होता, आणि बिशप झाल्यावर अझरायांना तो स्वतःच्या वागणुकीने सिद्ध करावा लागला.

गावकुसाबाहेरची वस्ती

डोर्नकलच्या धर्मप्रांतात जे लोक ख्रिस्ती झाले ते मुख्यत्वे माला आणि मादिगा या दोन अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील होते. माला शेतमजुरी आणि विणकाम करीत, तर मादिगांकडे चामड्याचे काम आणि गावदेवीच्या जत्रेत डफ वाजविण्याचे काम असे. दोघांच्या वस्त्या गावाबाहेर आणि त्याही एकमेकींपासून दूर. विहिरी वेगळ्या, सोयरिकीचा प्रश्नच नाही. महारवाडा आणि मांगवाडा यांतील अंतर ज्यांना ठाऊक आहे त्या मराठी वाचकाला हे अधिक उलगडून सांगण्याची गरज नाही.

हे लोक एकेकटे येत नसत. जातीची पंचायत बसे, चर्चा होई, कधी ती महिनोन्‌महिने चाले, आणि मग दहा, वीस किंवा पन्नास कुटुंबे एकदम धर्मशिक्षकाकडे निरोप पाठवीत. मिशनरी वाङ्मयात याला 'सामुदायिक चळवळ' म्हणत. तीवर पुष्कळ टीका झाली. एका व्यक्तीचा अंतःकरणपूर्वक निर्णय म्हणजे धर्मांतर, असे मानणाऱ्यांना हा प्रकार संशयास्पद वाटणे स्वाभाविक होते. पण मंडळीच्या उभारणीच्या दृष्टीने पाहिले तर एकेकट्या धर्मांतरितापेक्षा येथे एक मोठी सोय होती. एकटा मनुष्य ख्रिस्ती झाला की तो जातीतून तुटे, त्याला मिशनच्या आवारात आसरा द्यावा लागे आणि त्याची उपजीविकाही मिशनवर पडे. वस्तीच्या वस्ती आली तर कोणालाच घर सोडावे लागत नसे. नातीगोती टिकत, शेजार टिके, आणि निर्णय घेण्याची जी रीत त्या लोकांजवळ आधीपासून होती तीही टिके. तेथे पुढारी नव्याने निर्माण करावे लागत नसत, ते होतेच.

अडचण अशी की नातीगोती आणि पुढारी यांच्याबरोबर जातही टिके. एखाद्या गावात माला आधी ख्रिस्ती झाले की मादिगा त्या प्रार्थनाघराकडे फिरकत नसत. मादिगा आधी आले तर माला फिरकत नसत. अझराया यांनी या बाबतीत तडजोड केली नाही. प्रभुभोजनाचा प्याला एकच राहील आणि शाळेची चटई एकच राहील, हे त्यांचे धोरण होते. ते सर्वत्र अमलात आले असे म्हणता येणार नाही. दोन वस्त्यांसाठी दोन प्रार्थनाघरे उभी राहिल्याची उदाहरणे आहेत, आणि माला-मादिगा चुरस तेलुगू चर्चच्या कारभारात पुढील अनेक दशके डोके वर काढीत राहिली. तरी हेही नोंदविले पाहिजे की त्या काळच्या तेलुगू खेड्यात या दोन जातींची माणसे एका चटईवर बसण्याची दुसरी जागा शोधूनही सापडली नसती.

ग्रामशिक्षक

या सर्व व्यवस्थेचा भार ज्याच्यावर होता त्याचे नाव इतिहासात क्वचित येते. तो म्हणजे ग्रामशिक्षक. वस्तीतून निरोप आला की धर्मप्रांताकडून तेथे एक शिक्षक पाठविला जाई. तो बहुधा स्वतः माला किंवा मादिगा असे, शिक्षण बेताचे, पगार त्याहून बेताचा. मातीच्या भिंती आणि गवताचे छप्पर असलेली एक खोली वस्तीतील लोक बांधून देत. दिवसा मुलांसाठी ती शाळा आणि रात्री मोठ्यांसाठी तेच प्रार्थनाघर. उपासना रात्रीच होई, कारण दिवसभर सारी वस्ती जमीनदाराच्या शेतात राबत असे. घंटा वाजल्यावर लोक जमत तेव्हा कित्येकांचे जेवणही झालेले नसे.

बाप्तिस्म्यापूर्वीची शिकवण वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ चाले. प्रभूची प्रार्थना, विश्वासांगीकार, दहा आज्ञा आणि येशूच्या चरित्रातील प्रसंग हा तिचा गाभा. शिकणाऱ्यांतील बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, म्हणून सारे पाठांतराने आणि गाण्यांतून शिकवावे लागे. तेलुगू चालींवर रचलेल्या ख्रिस्ती पदांचा येथे फार उपयोग झाला. नगर भागात नारायण वामन टिळक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कीर्तन आणि अभंग यांचा जो उपयोग करून घेतला, त्याच जातीचे हे काम होते. ज्या स्त्रीला वाचता येत नव्हते तिला पन्नास पदे तोंडपाठ असत, आणि दळताना ती म्हटली जात.

शिक्षकाच्या पत्नीचाही वाटा मोठा होता. वस्तीतील बायकांशी शिक्षकाला मोकळेपणाने बोलता येत नसे. ते काम ती करी. बाळंतपण, मुलांची आंघोळ, तापावरचे औषध, नवऱ्याची दारू, हे सारे तिच्या ओसरीवर येई. बिशपांच्या पत्नी अंबू यांनी या स्त्रियांच्या शिक्षणाकडे विशेष लक्ष पुरविले. शिक्षकाला प्रशिक्षण द्यावयाचे तर त्याच्या पत्नीलाही द्यावयाचे, हे डोर्नकलमध्ये गृहीत धरलेले होते. इतरत्र ही गोष्ट उशिरा ध्यानात आली.

अझराया स्वतः वर्षातील कित्येक महिने दौऱ्यावर असत. बैलगाडी, तंबू आणि नंतरच्या काळात मोटार. ज्यांना बाप्तिस्मा किंवा दृढीकरण द्यावयाचे त्यांना ते स्वतः प्रश्न विचारीत. या भेटीतील एक प्रघात त्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला आहे. नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्या प्रत्येकाला ते स्वतःच्या मस्तकावर हात ठेवावयास सांगत आणि सुवार्ता सांगण्याचे दायित्व आपल्यावर आले आहे अशा अर्थाचे, पौलाच्या पत्रावर आधारलेले वचन उच्चारावयास लावीत. सामान्यतः मस्तकावर हात ठेवतो तो धर्मगुरू. येथे तो हात त्या मजुराचा स्वतःचाच असे. पगारी शिक्षक असला तरी प्रचाराचे काम एकट्या शिक्षकाचे नव्हे, हे ज्याला वाचता येत नव्हते त्यालाही त्या एका कृतीने कळत असे. आणि अनुभव तसाच आला. एका वस्तीची बातमी दुसऱ्या वस्तीला पोहोचली ती बहुतांशी सोयरिकीच्या वाटेने, लग्नाला आणि मर्तिकाला गेलेल्या माणसांच्या तोंडून.

१९३० नंतरच्या वर्षांत धर्मप्रांतातील ग्रामशिक्षकांची संख्या दोन हजारांच्या आसपास पोहोचली होती आणि पाळकांत भारतीयांची संख्या युरोपीयांच्या कित्येक पट होती. १९२० साली कृष्णेच्या खोऱ्यातील चर्च मिशनरी सोसायटीचे मोठे क्षेत्र डोर्नकलला जोडले गेले, त्यामुळे अनेक इंग्रज मिशनरी या भारतीय बिशपांच्या अधिकाराखाली आले. आठ वर्षांपूर्वी ज्या कल्पनेला विरोध झाला होता ती प्रत्यक्षात आल्यावर फारसे आकाश कोसळले नाही.

येथे एका मतभेदाचा उल्लेख आवश्यक आहे. ज्या १९१२ साली अझराया बिशप झाले त्याच साली रोलँड ॲलन या इंग्रज धर्मगुरूंचे पौलाच्या कार्यपद्धतीवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. पौल एखाद्या गावी थोडे महिने राही, तेथील लोकांतूनच वडील नेमी आणि निघून जाई; आपण मात्र पिढ्यान्‌पिढ्या लोकांना उमेदवारीत ठेवतो, असा ॲलन यांचा आरोप होता. डोर्नकलने यातील निम्मे स्वीकारले. पुढारी स्थानिक असावेत हे मान्य झाले, पण संस्काराचा अधिकार प्रशिक्षित आणि पगारी पाळकांकडेच राहिला. परिणामी एकेका पाळकाकडे अनेक गावे येत आणि प्रभुभोजनासाठी लोकांना त्याच्या फेरीची वाट पाहावी लागे. ग्रामशिक्षकाचा पगार बराचसा बाहेरून येणाऱ्या पैशावर अवलंबून असल्याने, तो पैसा आटला की शिक्षक उठे आणि वस्ती पोरकी होई. डोर्नकलच्या पद्धतीतील हे सर्वांत दुबळे अंग होते असे म्हणावे लागेल.

वडील, पंचायत आणि शिस्त

जातीच्या पंचायतीतील वडीलधारे लोक बाप्तिस्म्यानंतर मंडळीचे वडील झाले. लग्ने, काडीमोड, चोरी, मारामारी, देवीच्या जत्रेत सहभाग, मृत जनावराचे मांस खाणे, अशा बाबींवर ही मंडळीची पंचायत निवाडा करी. तिचे हत्यारही जुन्याच पंचायतीचे होते. जातीत ज्याला वाळीत टाकणे म्हणत त्यालाच येथे प्रभुभोजनापासून दूर ठेवणे असे नाव मिळाले. दंड आता दारूत खर्च न होता मंडळीच्या निधीत जाई, हा फरक मात्र लोकांच्या चटकन ध्यानात आला.

मृत जनावराचे मांस सोडण्याचा आग्रह धरला गेला त्याचे कारण आरोग्य एवढेच नव्हते. ते मांस हा गावाने लादलेल्या हीनतेचा शिक्का होता. १९२७ साली महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना हेच सोडावयास सांगितले, ते निराळ्या मार्गाने पण त्याच जाणिवेतून. डफ वाजविणे सोडण्याचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होता. जत्रेत डफ वाजविणे हे मादिगांचे कर्तव्य होते तसेच मिळकतीचे साधनही होते. ते नाकारले की धान्याचा वाटा बुडे, जमीनदाराचा रोष ओढवे, कधी मारहाणही होई. बंगल्यात बसून नियम करणे सोपे; त्याची किंमत वस्तीला मोजावी लागे. शिवाय त्या डफाच्या तालात पिढ्यांची कला होती. ती मूर्तिपूजेपासून वेगळी काढून उपासनेत आणता आली असती काय, हा विचार पुरेसा झाला नाही. पुढील काळात तेलुगू दलित लेखक आणि कलावंत यांनी डफाकडे स्वाभिमानाचे चिन्ह म्हणून पाहिले, तेव्हा हा जुना निषेध अनेकांना बोचला.

अस्वच्छता, रोग, कर्ज आणि दारू या चार भुतांशी आपला झगडा आहे असे अझराया म्हणत. सहकारी संस्था, दवाखाने, हस्तव्यवसायाचे शिक्षण, छापखाना ही कामे त्यातूनच निघाली. त्यांची स्वतःची कारभाराची रीत मात्र कुटुंबप्रमुखाची होती. प्रेमळ, कष्टाळू आणि आज्ञा मोडलेली न खपणारी. परदेशी बिशप जसे वागत त्याहून ती लोकांना अधिक परिचित वाटली खरी, पण जो वडील आपल्या बिशपांशी वाद घालू शकेल असा वडील तयार करणे या रीतीने सोपे झाले नाही.

मूठभर धान्य

आर्थिक स्वावलंबनाच्या प्रश्नावर अझरायांचे मत तत्कालीन बहुतेक मिशनऱ्यांच्या उलट होते. ज्यांना दोन वेळचे अन्न नाही त्यांच्याकडून वर्गणी काय मागावयाची, असे दयाळू माणसाला वाटे. अझरायांना ही दया घातक वाटे. जो केवळ घेतो तो आश्रित राहतो. देणारा मनुष्यच मंडळीला आपली म्हणू शकतो, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ख्रिस्ती दानधर्मावर त्यांनी स्वतंत्र पुस्तकही लिहिले.

यासाठी पैशाची गरजच नव्हती, कारण मजुरी धान्यात मिळे. स्वयंपाकासाठी तांदूळ किंवा ज्वारी काढताना घरच्या बाईने त्यातील एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकावयाची आणि आठवड्याने ते मडके उपासनेला आणावयाचे, ही दक्षिण भारतातील मंडळ्यांत रूढ असलेली पद्धत येथेही चालली. सुगीनंतरच्या उत्सवात लोक धान्य, भोपळे, कोंबड्या, अंडी, क्वचित शेळीही आणीत, आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होई. या मुठीचा हिशेब बाईच्या हाती होता ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पंचायतीत तिला बसावयास मिळत नव्हते, पण मंडळीचा निधी तिच्या चुलीपाशी सुरू होत होता.

टीका आणि उत्तर

१९३० नंतर डोर्नकलचे काम राष्ट्रीय वादाच्या भोवऱ्यात सापडले. अस्पृश्यतानिवारणाचा प्रश्न हा हिंदू समाजाच्या प्रायश्चित्ताचा प्रश्न आहे, असे महात्मा गांधींचे मत होते. गरीब आणि निरक्षर लोकांना धर्मतत्त्वांतील भेद समजत नाही, मिशनरी त्यांच्या गरजेचा फायदा घेतात, असा आक्षेप त्यांनी १९३६-३७ च्या सुमारास वारंवार घेतला. अझराया हे काही ब्रिटिश राजवटीचे भाट नव्हते. ख्रिस्ती लोकांसाठी स्वतंत्र मतदारसंघ असावेत या कल्पनेला त्यांनी विरोध केला होता, कारण त्यामुळे मंडळी ही डोकी मोजणारी राजकीय टोळी होईल असे त्यांना वाटे. पण गरिबाला समजत नाही हे म्हणणे त्यांना मान्य नव्हते. त्याला समजत नसेल तर त्याने जुन्या देवाला भजावे हे तरी कोणी ठरविले, असा या वादाचा गाभा होता. आपल्या बाजूने ते आणखी एक गोष्ट सांगत. माला आणि मादिगा यांच्या राहणीत पडलेला फरक पाहून त्याच गावांतील काही सवर्ण शूद्र कुटुंबेही मंडळीत येऊ लागली होती. त्यांना कोणत्या सवलतीचा मोह होता?

हेतूंविषयीच्या या वादात जे. वॉस्कम पिकेट यांच्या १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा उपयोग होतो. नॅशनल ख्रिश्चन कौन्सिलच्या प्रेरणेने झालेल्या या पाहणीत तेलुगू प्रदेशही होता आणि हजारो कुटुंबप्रमुखांना प्रश्न विचारले गेले. लोक कोणत्या हेतूने आले यापेक्षा बाप्तिस्म्यानंतर त्यांना काय आणि किती शिकविले गेले यावर मंडळीची प्रकृती अधिक अवलंबून असते, असा पिकेट यांचा निष्कर्ष निघाला. संरक्षणाच्या आशेने आलेली वस्ती चांगल्या शिक्षकाच्या हाताखाली दहा वर्षांत खंबीर झालेली आढळे, आणि शुद्ध श्रद्धेने आलेली वस्ती दुर्लक्षामुळे विस्कटलेली आढळे. टीकाकारांना आणि मिशनच्या अहवाललेखकांना हे सारखेच गैरसोयीचे होते.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथे डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केल्यानंतर तर निरनिराळ्या धर्मांचे लक्ष त्यांच्याकडे लागले. अझराया त्यांना भेटले. अझरायांनी पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार या भेटीत त्यांच्यापुढे चर्चच्या फाटाफुटीचा प्रश्न टाकण्यात आला. आज जो समाज निदान एक आहे तो ख्रिस्ती झाल्यास अनेक पंथांत वाटला जाणार. याला तुमच्याजवळ काय उत्तर आहे? अझरायांपाशी उत्तर नव्हते, आणि ही लाज त्यांनी पाश्चात्त्य धर्मनेत्यांच्या सभेत बोलून दाखविली.

या प्रश्नाचा एक धागा कायद्याच्या कागदापर्यंत गेला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची व्याख्या हिंदूंपुरती ठरली. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध यांचा तीत समावेश झाला. ख्रिस्ती धर्मीयांचा समावेश या दुरुस्त्यांत झाला नाही. त्यामुळे अनेक तेलुगू कुटुंबांना मंडळीच्या नोंदवहीत एक ओळख आणि सरकारी दाखल्यावर दुसरी, असे जगावे लागले. ज्या मंडळीने माणसांना निर्भयपणे आपले नाव सांगावयास शिकविले, तिच्याच नोंदवहीविषयी तिच्या नातवंडांना सावध राहावे लागले.

ऐक्याच्या दिशेने

चर्चच्या ऐक्याचा विचार अझराया त्या भेटीपूर्वीच कितीतरी वर्षे करीत होते. १७०६ साली ज्या तरंगंबाडी बंदरात पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी उतरले, तेथेच मे १९१९ मध्ये निरनिराळ्या चर्चचे पाळक त्यांच्या पुढाकाराने जमले. जमलेल्यांत बहुतेक सर्व भारतीय होते. इंग्लंडातील सतराव्या शतकातील भांडणे तेलुगू आणि तमिळ खेड्यांत का चालू ठेवावयाची, असा त्यांचा साधा सवाल होता. त्यातून सुरू झालेल्या वाटाघाटी अठ्ठावीस वर्षे चालल्या. बिशपांचा अधिकार, पाळकांची दीक्षा, एकमेकांच्या प्रभुभोजनाची मान्यता, यांवर प्रचंड पत्रव्यवहार झाला.

या काळात डोर्नकल येथे एपिफनी कथीड्रलचे बांधकाम रखडत रखडत चालले होते. पैसा येई तेवढे काम होई. बिशपांनी डोर्नकलला आल्यावर आरंभीचे दिवस तंबूत काढले होते; कथीड्रलचे पवित्रीकरण झाले ते ६ जानेवारी १९३९ रोजी, त्यांच्या कारकिर्दीच्या सव्विसाव्या वर्षानंतर. शेजारच्या मेदक येथे १९२४ साली मेथडिस्ट मिशनने बांधलेले भव्य मंदिर पाश्चात्त्य गॉथिक घाटाचे आहे. डोर्नकलच्या इमारतीला मंदिराच्या मंडपासारखे खांब आहेत, मशिदीसारखे घुमट आणि मिनार आहेत, आणि आत शिरल्यावर जमिनीवर बसण्यास भरपूर मोकळी जागा आहे. पवित्रीकरणाला जे खेडूत आले त्यांना ही इमारत कोठून तरी आणून ठेवल्यासारखी वाटण्याचे कारण नव्हते.

अझराया १ जानेवारी १९४५ रोजी डोर्नकल येथेच निवर्तले. तोपर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षे, भारतीय अँग्लिकन चर्चमध्ये धर्मप्रांत सांभाळणारा दुसरा भारतीय बिशप झालेला नव्हता. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासच्या सेंट जॉर्जेस कथीड्रलमध्ये दक्षिण भारत चर्चची स्थापना झाली आणि अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या तीत विलीन झाल्या. डोर्नकल आणि मेदक, जी इतकी वर्षे दोन निराळ्या मिशनांची क्षेत्रे म्हणून शेजारी शेजारी नांदत होती, ती त्या दिवसापासून एकाच चर्चचे दोन धर्मप्रांत झाले.